मळीतले कावळे

"श्वास सोड. आता चाप दाब. डोळा मिटायचा न्हाई."

तात्या बाजेवरून सांगत होते आणि मी बांधावर पालथी पडून बंदुकीच्या नळीवरून कावळ्याकडं बघत होते. कावळा आपला निवांत. सरीत पाय रोवायचे, चोचीनं माती बाजूला करायची, शेंगदाणा काढायचा, मान वर करून गिळायचा आणि पुढं सरकायचं. आई, आक्का आणि मी पाठीचा काटा ढिला होईपर्यंत वाकून टोकलेलं बी हा गडी आमच्यादेखत ओळीनं उकरत चालला होता. पुन्हा वर मान करून आमच्याकडंच बघत होता, जसं काही जेवायला आम्हीच बोलावलंय.

मी चाप दाबला. फट् झालं. कावळा जागेवरच बसला. मला वाटलं नेम चुकला, आता उठेल आणि पलीकडच्या सरीत जाईल. तर त्याची मान हळूच खाली गेली आणि चोच मातीत टेकली.

"लागला," तात्या म्हणाले आणि हसता हसता खोकायला लागले.

माझ्या वडिलांना, तात्यांना, मुलगा नव्हता. आम्ही दोघी बहिणी, आक्का थोरली आणि मी शालन. मुलगा नाही म्हणून तात्यांनी कधी कपाळाला हात लावला नाही. जे मुलाला शिकवलं असतं ते मला शिकवलं. मोट गेली होती तोवर, म्हणून ती राहिली, पण नांगर धरायला, नदीत पोहायला आणि छऱ्याची बंदूक चालवायला मी त्यांच्याकडून शिकले. त्यांचा नेम पंचक्रोशीत नावाजलेला. बागेत साळुंक्या उतरल्या की द्राक्षवाले मोटारसायकल पाठवून त्यांना न्यायचे. पण त्या वर्षी त्यांचा दमा असा उसळला की बंदूक उचलून खांद्याला लावायचीही ताकद राहिली नाही. मग बाज रानात, तात्या बाजेवर आणि बंदूक माझ्या हातात.

आमचं रान नदीच्या कडेला, पुराच्या गाळाचं. आमच्याकडं त्याला मळी म्हणतात. मळीतला भुईमूग म्हणजे सोनं, आणि ते कावळ्यांनाही ठाऊक. बुजगावण्याला ते भीत नव्हते, डबा वाजवला तर दोन सऱ्या सोडून बसत होते. आई म्हणत होती, कावळा मारू नये, पितर असत्यात ते.

"पितरांना एवढी भूक असती तर बी टोकायला आले असते," तात्या म्हणाले. त्यावर आईनं तोंड फिरवलं आणि आक्का पदर तोंडाला लावून हसली. आक्का हसली की तात्यांना बरं वाटायचं. दिवाळीपासून ती आमच्याकडंच होती, उजवं मनगट मोडून घेऊन आली होती. वैद्यानं बांधलं ते वाकडंच बसलं. आमचे दाजी दारू पीत होते असं म्हणायची सोय नव्हती. शुद्धीवर मारायचे.

पहिला कावळा मी हातात घेतला तेव्हा त्याला कुठं लागलंय तेच सापडेना. पिसं फुंकून फुंकून बघितली तेव्हा छातीवर एक तांबडा ठिपका दिसला, मसुराच्या डाळीएवढा. एवढ्यानं एवढा मोठा जीव जातो याचं मला नवल वाटलं आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. रिवाजाप्रमाणं त्याला पायाला सुतळी बांधून रानाच्या मध्यात वेळूच्या काठीला उलटा टांगला. मेलेला कावळा दिसला की बाकीचे उतरत नाहीत.

पण ते उतरले. टांगलेल्याच्या दूर, नदीकडच्या अंगाला. मग मी दुसरा मारला, आणि तो काही पहिल्यासारखा सोप्यानं मेला नाही.

छर्रा त्याच्या पंखाच्या सांध्यात बसला. तो सरीत पडला, उठला आणि एक पंख मातीतून फरफटत पळायला लागला. असा ओरडला की नदीकाठचे होते नव्हते तेवढे कावळे माझ्या डोक्यावर येऊन घिरट्या घालायला लागले. आभाळ काळं झालं म्हणतात तसं. मला बंदूक टाकून घरी पळावंसं वाटत होतं. तात्यांनी बाजेवरून हाक मारली. जखमी पाखरू तसं सोडायचं नसतं, जा आणि संपव, म्हणाले. त्यांचा नियमच होता तो.

मी गेले. तो बांधाला टेकून उताणा झाला होता, चोच उघडी, आणि टक लावून माझ्याकडं बघत होता. छर्रा नळीत लवकर बसेना. बसला तेव्हा नळी त्याच्या अंगाला लावून चाप दाबला. वर ते सगळे ओरडत होते, खाली येऊन माझ्या डोक्याला पंख घासून जात होते. एकानं चोच मारली, केसांतून रक्त आलं. तात्यांनी नंतर त्या कावळ्याचा पंख चाचपून छर्रा काढून दाखवला. हाडावर आपटून तो चपटा झाला होता, पैशासारखा. हाडाचा मात्र भुगा झाला होता.

त्यानंतर मळीत कावळा उतरला नाही. बी वाचलं. पण मी एक शत्रू करून ठेवला होता. कावळे मला ओळखायला लागले. हातात बंदूक असो नसो, साडी असो की परकर, डोक्यावर पाटी असली तरी. मी नदीच्या वाटेला लागले की पहिला कावळा मला बघून ओरडायचा, मग दुसरा, मग सगळे बाभळीवरून उठून पलीकडच्या काठाला जाऊन बसायचे. माझ्या मागून आई आली, आक्का आली, तर हलत नसत. आक्का मला चिडवायची, म्हणायची, शालन, तुझं लगीन झाल्यावर सासरचे कावळे पण उठून जातील गं. तात्या म्हणायचे की घरावरही कावळा ओरडेनासा झाला, आता आपल्याकडं पाहुणे यायचे बंद.

पाहुणे आलेच. आक्काचे सासरे आणि गावातले दोघे तिला न्यायला आले. तात्या बाजेवर उठून बसले. चहा दिला. पावसापाण्याचं बोलणं झालं. मग सासऱ्यांनी विषय काढला की झालं गेलं विसरू, पोरगीला पाठवा, आमच्यात भांडण कुठं नाही होत. तात्यांनी आक्काला जवळ बोलावलं, तिचा उजवा हात धरून पाहुण्यांच्या पुढं केला आणि म्हणाले, "हे मनगट सरळ करून आणा. मग न्या."

पाहुणे चहा संपवून गेले. माझे थोरले चुलते, आबा, त्या वेळी तिथंच होते. पाहुण्यांपुढं ते गप्प बसले, पण नंतर तात्यांना बोलले. त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. त्यांच्या लेकीचं जमत आलं होतं आणि बघायला येणारा प्रत्येकजण विचारायचा, तुमच्यातली एक माघारी आलीय म्हणं? आबा वाईट माणूस नव्हता. आक्काला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रेला नेणारा तोच. त्याच्या मनात एवढंच बसलं होतं की बाईनं नांदावं, मग काय वाट्टेल ते होवो.

भुईमुगाच्या फुलांतून शेंगांच्या आऱ्या मातीत उतरायच्या आत तात्या गेले. शेवटी शेवटी त्यांना बोलताही येत नव्हतं, धाप लागायची, पण एक वाक्य सारखं तोंडात होतं. आक्काचं कसं व्हायचं? आक्काचं कसं व्हायचं? आक्का पायाशी बसून ते ऐकत राहायची. मला तेव्हाही कळत होतं की त्यांना काय म्हणायचंय. मी नसलो की हिला इथं कोण ठेवून घेणार, ही काळजी होती ती. पण वाक्य असं होतं की ज्यानं त्यानं आपल्याला हवं तसं ऐकावं.

दहावा मळीच्या खालीच होता, नदीवर. गावाची जागाच ती. आमच्याकडं दहाव्याला बायकाही जातात. पोटी मुलगा नाही म्हणून सगळे विधी आबांनीच केले, डोकं भादरून. भटजींनी पिंड मांडले. शेजारी तात्यांच्या आवडीचं ठेवलं, कांद्याची भजी, चहाचा कप, तंबाखूची पुडी. मग सगळे मागं सरलो आणि कावळ्याची वाट बघायला लागलो.

कावळे होते. पलीकडच्या काठावरच्या बाभळीवर ओळीनं बसले होते. एक उठायचा, नदी ओलांडून यायचा, पिंडावर घिरटी घ्यायचा आणि ओरडून माघारी जायचा.

सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. कावळा पहिल्या दमात शिवतोच असं नाही. मग ऊन चढायला लागलं. माणसं आपापसात कुजबुजायला लागली, कशात जीव अडकला असंल? आई पुढं झाली, हात जोडून म्हणाली, मळी पडीक पडू देणार न्हाई, काळजी करू नका. कावळा आला नाही. आबांनी शब्द दिला की शालनचं लग्न मी थाटात करीन. आला नाही. म्हैस विकणार नाही, असं आईनं सांगितलं. कुणीतरी म्हणालं, बंदूक कुणाला देणार न्हाई म्हणावं, त्यात जीव असंल. तेही सांगून झालं. चहावर साय धरली.

मला तोवर सगळं कळलं होतं. एक कावळा येताना मी बघितलं. तो सरळ पिंडाकडं उतरत होता, पाय पुढं केलेले, आणि माझ्याकडं बघून ओरडत वळला. मी सरकून मावशीच्या मागं गेले. पुढचाही मला हुडकून ओरडलाच. सगळे जण बाभळीकडं बघत होते आणि बाभळीवरचे सगळे माझ्याकडं.

तोंड उघडायला काय लागत होतं? आबा, ते मला भितात, मी त्यांचे भाऊबंद मारलेत, एवढंच म्हणायचं होतं. पण तिथं सगळं गाव उभं होतं, आणि मी म्हणणार काय होते? मी पितर मारले आणि आता माझ्या बापाला माझ्यामुळं घास मिळत नाही? भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू, शास्त्रात सोय आहे. मी मनात म्हटलं, करा, देवा, करा लवकर.

आबा ऐकेनात. "दर्भाचा कावळा दुसऱ्याच्यात. माझा भाऊ असा तरंगत न्हाई ठेवायचा मी." आणि ते आक्काकडं वळले.

"मरताना तुझंच नाव होतं ना तोंडात?" ते म्हणाले. "आक्काचं कसं व्हायचं म्हणत गेला ना? मग त्याला सांग."

आई म्हणाली, अहो, तिला का बोलताय, त्यांनी तर पाहुण्यांना न्हाई म्हणून सांगितलं होतं. आबा म्हणाले, ते रागातलं होतं, मरताना माणूस रागात नसतो. आजूबाजूच्या बायका माना हलवायला लागल्या. एकीनं आक्काच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं केलं. आक्का दोन पावलं पुढं झाली आणि पिंडासमोर उभी राहिली.

मला एकच सुचलं. मी इथून गेले तर कावळा येईल. आक्का बोलायच्या आधी आला तर तिला बोलायलाच लागणार नाही. मी मागच्या मागं सटकले. घाटाची चढण चढले आणि मळीच्या बांधावरून पळत सुटले. परकरात पाय अडकून एकदा पडलेसुद्धा. डोळ्यांपुढं दुसरं काही नव्हतं, फक्त तो कावळा, त्यानं उडावं, आता उडावं, आक्कानं तोंड उघडायच्या आत. मागं वळून बघायची छाती झाली नाही. रानातल्या झोपडीच्या आड गेले आणि भिंतीला पाठ लावून बसले.

नदीवरचा आवाज लांब जातो. आक्काचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"तात्या, जाते मी नांदायला. तुम्ही जावा आता."

मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग बायकांचा एकदम हुंदका, पुरुषांचं "शिवला, शिवला," आणि आबांचा रडण्याचा आवाज. त्या माणसाला मी आयुष्यात तेवढं एकदाच रडताना ऐकलं.

मी खाली गेले तेव्हा पिंडावर पाच-सहा कावळे तुटून पडले होते. मला बघून ते उठले, पण आता कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. बायका आक्काला कवटाळत होत्या. बापाचं ऐकलंस बाई, त्याचा आत्मा शांत झाला, असं म्हणत होत्या. आक्काच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. कुणीतरी कानफटात मारल्यावर माणूस बघतं तशी ती कावळ्यांकडं बघत होती. आपल्याला पाठीशी घालणाऱ्या बापानंच आपल्याला दाराबाहेर काढलं, असं तिला वाटलं असणार. आणि ते मी केलं होतं. मी नुसती थांबले असते तर कावळा आला नसता, भटजींनी दर्भाचा केला असता, आक्काचा शब्द कुणी एवढा मनावर घेतला नसता. मी निघाले ते तिला वाचवायला, आणि जाऊन आबांच्या बोलण्यावर शिक्का मारून आले.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. कावळे कसे मला ओळखतात, मी कधी पळाले, मग ते कसे उतरले. आई ऐकत होती, ऐकत होती आणि तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, आता कुणाला सांगू नकोस, लोक म्हणतील बापाच्या पिंडावर पण पोरी खोटं बोलतात. मी आबांकडं गेले. आबा रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, बाळ, तू लहान हायस, वेळ आली म्हणूनच तुला पळायची बुद्धी झाली. आक्काला सांगायला मात्र मी धजले नाही. ती ट्रंक भरत होती. तिचं लुगडं घडी घालायला मी मदत केली, एवढंच केलं मी.

तेरावा झाल्यावर आबा तिला पोचवून आले. तिच्या सासरच्यांनी आबांचा मान केला, टोपी-टॉवेल दिला.

पुढं काय झालं ते मी सविस्तर सांगत नाही. दाजी बदलले नाहीत. आक्कानं त्याच घरात तीन पोरं वाढवली आणि मार खाल्ला. माहेरी आली की गप्प असायची, हसायची नाहीच. पुन्हा न्यायला या म्हणून तिनं कधी निरोप पाठवला नाही. आई सांगायची, राहा गं इथंच, कोण काय म्हणतंय, आता आबा पण न्हाईत. तेव्हा ती म्हणायची, तात्यांना शब्द दिलाय.

दाजींना लकवा झाला आणि त्यांचे हात थांबले. तेव्हा आमच्या दोघींचे केस पांढरे झाले होते. मी तिच्याकडं राहायला गेले होते. ती दाजींना पेज भरवून बाहेर आली, पडवीत माझ्याशेजारी बसली आणि पदरानं हात पुसत होती. मला राहवेना. इतकी वर्षं जे घशात होतं ते बाहेर पडलं. बंदूक, मोडलेल्या पंखाचा कावळा, दहाव्याचं ऊन, माझं पळणं, सगळं सांगितलं. म्हणाले, आक्का, तात्यांनी तुला पाठवलं न्हाई. त्यांनी कधीच तुला जा म्हटलं नसतं. मी आड उभी होते म्हणून कावळे येत नव्हते, मी गेले म्हणून आले. एवढंच झालं होतं.

मला वाटलं ती रडेल, किंवा माझ्या तोंडात मारेल. दोन्हीची मी तयारी ठेवली होती. तिनं पदराचं टोक गुडघ्यावर सरळ केलं.

"तू पळालेलं मी बघितलं होतं," ती म्हणाली.

मी तिच्याकडं वळले.

"घरी गेल्यावर कधीतरी डोक्यात आलं माझ्या, तू गेलीस म्हणूनच कावळा आला असंल. मग मी ते पुन्हा येऊ दिलं न्हाई." तिचा आवाज अगदी साधा होता. "हितं मार खाताना मी काय म्हणत होते ठाऊक हाय? तात्यांनी पाठवलंय. तात्यांना काहीतरी कळलं असंल, उगीच न्हाई पाठवायचे. त्या एका गोष्टीवर मी दिवस काढले, शालन. आता तू म्हणतीस कुणी पाठवलंच नव्हतं. मग मी कशासाठी राहिले गं हितं?"

मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं माझे हात बाजूला केले. आत दाजी घशातून काहीतरी आवाज काढत होते. ती उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"म्हण," ती म्हणाली. "तात्यांनीच पाठवलं म्हण."

"आक्का..."

"म्हण."

मी म्हणाले, "तात्यांनीच पाठवलं."

तिनं मान हलवली आणि आत गेली.